प्रतिसाद: कॉन्सॉर्ट तक्ता जोडला म्हणजे झालं?

'शोधनिबंधासोबत कॉन्सॉर्टचा भरलेला तक्ता आहे, मग अहवाल चोखच असणार' हे वर आलेलं मत अर्धंच पटतं. कॉन्सॉर्ट म्हणजे यादृच्छिक चाचण्यांच्या (रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं गटांत वाटून केलेल्या उपचार-चाचण्यांच्या) अहवालात काय काय लिहायला हवं त्याची यादी. तिच्या तक्त्यात लेखक प्रत्येक मुद्द्यापुढे फक्त पान क्रमांक टाकतो. त्या पानावर खरंच काय लिहिलंय ते बघायला बऱ्याचदा कोणी जात नाही. रुग्ण कोणत्या गटात जाणार ते आत लिहिलेली 'सीलबंद पाकिटं वापरली' एवढंच असेल, तर पाकिटं अपारदर्शक आणि अनुक्रमांक घातलेली होती का, गटवाटपाची यादी कोणी बनवली, रुग्ण कोणी दाखल केले, हे कळत नाही. पाकीट दिव्यासमोर धरून गट ओळखता येत असेल तर यादृच्छिकीकरण गेलं मुसळ केरात.

तक्त्यातून न दिसणारी गोष्ट म्हणजे बदललेले निष्कर्षमापक, म्हणजे उपचाराचा परिणाम कशावर मोजायचा ते आधी ठरवलेले निकष. भारतीय चाचणी असेल तर सीटीआरआयवर (भारतातल्या चाचण्यांची ऑनलाइन नोंदवही) नोंदणी क्रमांक टाकून शोधा. क्रमांकाशेजारीच नोंदणी चाचणी सुरू होण्याआधी झाली की नंतर ते लिहिलेलं असतं (१ एप्रिल २०१८ पासून आधीच करावी लागते). मग प्राथमिक (मुख्य) निष्कर्षमापक आणि तो कधी मोजायचा तो कालबिंदू निबंधाशी ताडा. नोंदीत '२४ आठवड्यांनी एचबीए१सी' (रक्तातली साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि निबंधात '१२ आठवड्यांनी उपाशीपोटीची साखर' असेल, आणि बदलाचं कारण कुठेच नसेल, तर पी-मूल्य (उपचारांत फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) कितीही देखणं असो, माझ्या लेखी त्याला फारशी किंमत नाही. आणि हे फक्त लहानसहान जर्नलांत घडतं असं नाही. ऑक्सफर्डच्या 'कम्पेअर' प्रकल्पाने पाच नामांकित जर्नलांतल्या ६७ चाचण्या अशाच ताडल्या. पूर्णपणे बिनचूक निघाल्या ९.