हिशेबाचं सॉफ्टवेअर ऑनलाइन न्यायचंय: अझूर घ्यावं की एडब्ल्यूएस?

कोथरूडकर:
नमस्कार मंडळी. व्यापाऱ्यांसाठीचं बिलिंग-हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. व्हीबी डॉट नेट, मागे एसक्यूएल सर्व्हर २०१४ एक्स्प्रेस. १२० ग्राहक, बहुतेक मार्केट यार्ड आणि भवानी पेठेतले. प्रत्येकाचा दर आर्थिक वर्षाला वेगळा डेटाबेस. २०१४चा सपोर्ट जुलै २०२४मध्येच संपला, शिवाय काहींचा डेटा एक्स्प्रेस या फुकट आवृत्तीच्या १० जीबी मर्यादेला टेकलाय. आता महिन्याच्या भाड्यावर द्यायचं ठरलंय. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं, म्हणजे अझूरचं, सेंट्रल इंडिया रीजन (डेटा सेंटरचं ठिकाण) पुण्यातच आहे, तर तेच घ्यावं, की अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं, एडब्ल्यूएसचं, मुंबई?

डीबीए_हडपसर:
रीजन पुण्यात की मुंबईत, यानं तुम्हाला जाणवण्याइतका फरक पडणार नाही. निर्णय तुमच्या 'दर वर्षाला वेगळा डेटाबेस' यावर होईल. नवीन वर्षात ओपनिंग बॅलन्स ओढताना जुन्या डेटाबेसचं नाव क्वेरीतच लिहिलेलं असणार. अझूर एसक्यूएल डेटाबेस या अझूरच्या तयार सेवेवर दुसऱ्या डेटाबेसचं नाव घेणारी क्वेरी चालत नाही, ४०५१५ नंबरची एरर येते. तिथे ठरलेल्या वेळी कामं चालवणारा एसक्यूएल एजंटही नाही, आणि .बॅक ही नेहमीची बॅकअप फाइल सरळ रिस्टोअर होत नाही, बॅकपॅक नावाच्या वेगळ्या प्रकारची फाइल करावी लागते. त्या क्वेऱ्या स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) असतील तर बॅकपॅक काढतानाच अडकाल.

म्हणून आधी सगळ्या प्रोसीजर आणि व्ह्यूमध्ये दुसऱ्या डेटाबेसची नावं शोधा. व्हीबीच्या कोडमध्ये जोडून केलेल्या क्वेऱ्याही बघा, त्याच नेमक्या सुटतात. दहा-वीस जागा निघाल्या तर वर्षांचे डेटाबेस एकत्र करा, टेबलात वर्षाचा कॉलम घाला आणि अझूरचा इलॅस्टिक पूल (अनेक डेटाबेसनी वाटून वापरायची एकच क्षमता) घ्या. भाड्याच्या धंद्याला तोच परवडतो. शेकड्यांनी निघाल्या तर अझूर मॅनेज्ड इन्स्टन्स किंवा एडब्ल्यूएस आरडीएस, म्हणजे क्लाउड कंपनीनं सांभाळलेला एसक्यूएल सर्व्हर. दोन्हींवर .बॅक चालते, एजंटही मिळतो. मात्र मॅनेज्ड इन्स्टन्स किमान ४ व्हीकोअरपासून (आभासी प्रोसेसर कोअर) सुरू होतो, सुरुवातीला तो खर्च जड जाईल.

कोथरूडकर:
दुकानातल्या पीसीवरची सध्याची एक्झी (प्रोग्रॅमची फाइल) तशीच ठेवून फक्त डेटाबेस वर नेला तर?

नेट_औंध:
ते करू नका. दुकानातल्या लॅनवर एका क्वेरीला मिलिसेकंदही लागत नाही, इंटरनेटवरून जाऊन-येऊन २० मिलिसेकंद धरा. बिलाची स्क्रीन उघडताना २०० क्वेऱ्या जात असतील तर नुसत्या वाटेतच ४ सेकंद गेले. वर डेटाबेसचं पोर्ट इंटरनेटला उघडं राहणार. एक्झी आणि डेटाबेसच्या मध्ये वेब सर्व्हिस घाला, ती डेटाबेसच्याच रीजनमध्ये ठेवा, आणि एका स्क्रीनला एकच कॉल जाईल असं बांधा.

सर्व्हिसची मशीन निवडताना जीएसटीच्या तारखा डोळ्यांसमोर ठेवा. जीएसटीआर-१ ची ११ आणि ३बी ची २०, त्याच्या आदल्या दोन दिवसांत सगळे एकदम रिपोर्ट काढतात. स्वस्त बर्स्टेबल मशीन शांत वेळी क्रेडिट साठवते आणि गर्दीत ते वापरून जास्त वेगानं धावते; ते क्रेडिट तेव्हाच संपतात: अझूरची बी मालिका मंदावते, एडब्ल्यूएसची टी३ मूळ सेटिंगवर धावत राहते पण बिल वाढवते.

डीबीए_हडपसर:
एक राहिलं, आणि मार्केट यार्डासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं. अझूर एसक्यूएल डेटाबेसचं घड्याळ यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असतं, ते बदलता येत नाही. पहाटे साडेपाचच्या आधी केलेल्या बिलावर गेटडेट, म्हणजे सर्व्हरची आत्ताची तारीख-वेळ देणारं फंक्शन, आदल्या दिवसाची तारीख टाकेल. १ एप्रिलला पहाटे चारला केलेलं बिल ३१ मार्चचं, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात! मॅनेज्ड इन्स्टन्समध्ये टाइम झोन बनवतानाच निवडावा लागतो, नंतर बदलत नाही. कोडमधला प्रत्येक गेटडेट शोधून 'अ‍ॅट टाइम झोन'नं भारतीय वेळ घ्या. टेबलांच्या डिफॉल्टमध्येही तो लपलेला असतो.

सीए_टिळकरोड:
ग्राहकांत प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या असतील तर रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर हवा, आणि १ एप्रिल २०२३पासून नोंद कुणी, कधी बदलली याचा एडिट लॉगही हवा, तो बंद करता येणार नाही असा. बॅकअपची दुसरी प्रत अझूरवर चेन्नईला, एडब्ल्यूएसवर हैदराबादला ठेवता येते. सिंगापूरवर टिक होऊन राहिली नाही ना, तेवढं बघा.