हळदीच्या गोळ्या केमोसोबत चालतात का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, त्यांच्या वहीची पानं अजून पिवळी आहेत. मार्चमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, आता केमो चालूय. मामांनी कर्क्युमिनच्या (हळदीतलं मुख्य द्रव्य) गोळ्या आणल्यात, म्हणतात रोज चार द्यायच्या.

मी वाचलं त्यात असंय की कर्क्युमिनमुळे पेशीच्या मायटोकॉन्ड्रियातून (पेशीचं ऊर्जाघर) सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर पडतं, मग कॅस्पेज ९ आणि ३ ही पेशी मोडणारी एन्झाइम्स जागी होतात आणि पेशी स्वतःच स्वतःला संपवते, पण हे सगळं लॅबमधल्या ए५४९ नावाच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींवर, पोटातून घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच कमी पोचतं. आणि अण्णांचं केमोचं औषध व्हिनोरेलबिन पण सदाफुलीतल्या द्रव्यांपासूनच बनतं, ते मायक्रोट्यूब्यूलचे, म्हणजे पेशीच्या आतल्या सांगाड्याचे, धागे जुळू देत नाही म्हणून पेशी विभागताना अडकून मरते.

खरी भीती वेगळीच आहे, डबीवर मिरीतलं पायपरीन लिहिलंय, ते लिव्हरमधलं सीवायपी३ए४ हे औषधं मोडणारं एन्झाइम दाबतं आणि व्हिनोरेलबिन त्यानेच मोडतं. मग औषध अंगात जास्त साठून पांढऱ्या पेशी आणखी घसरतील का? कुणी ऑन्कोलॉजी किंवा फार्मसीत असेल तर प्लीज सांगा, ओपीडी सोमवारी आहे, तोवर गोळ्या बंदच ठेवल्यात. डॉक्टरांना नेमकं काय काय विचारू? आणि मामांना न दुखावता कसं समजावू?