'फ्रीक आउट' म्हणजे बिथरणं की मजा मारणं?

मांडवीकाठ: कळंगुटच्या हॉटेलांत फ्रंट ऑफिसला लागणाऱ्या मुलांसाठी इंग्रजीचा तक्ता करतोय. कोशात 'फ्रीक आउट' म्हणजे तोल सुटणं. पण आपल्याकडे 'शिगम्याला जाम फ्रीक आउट केलं' म्हणतात ते मजेच्या अर्थानं. खरं काय? आणि 'गेस्ट फ्रीक्ड आउट' असं लॉगबुकात चालेल का?

वाळपईची बाई: मजेचा अर्थ भारतातल्या बोलीतला. परदेशी पाहुण्यासमोर तो वापरू नका, त्याला भलतंच वाटेल. हणजुणेत हिप्पी आले त्याच काळातला हा शब्द: 1960च्या दशकात अमेरिकेत रुळला, तेव्हा रोख नशेत भान सुटण्यावर होता. आज भीती, धक्का, संताप, अगदी अतिआनंदसुद्धा चालतो. मराठीत जवळचा 'बिथरणं', कारण त्यातही भीती आणि राग दोन्ही येतात.

मुलं चुकतात ती रचनेत. 'शी फ्रीक्ड आउट' म्हणजे ती स्वतः बिथरली. बाथरूममधल्या बेडकानं बिथरवलं तर 'द फ्रॉग फ्रीक्ड हर आउट'. मी, हर, देम ही सर्वनामं मध्येच बसतात; 'फ्रीक्ड आउट हर' चूक. कारण सांगताना 'अबाउट' किंवा 'ओव्हर'. 'फ्रीक्ड आउट अ‍ॅट द वेटर' म्हटलं की वेटरवर उखडला.

शब्दखोर: लॉगबुकात अजिबात नको. शब्द अनौपचारिक आहे आणि त्यात पाहुण्याबद्दलचा शेरा येतो. घडलं ते लिहा: 'द गेस्ट वॉज अपसेट अबाउट द बिल अँड रेज्ड हिज व्हॉइस.' चिडलेल्या माणसाला 'डोन्ट फ्रीक आउट' तर कधीच नाही, तो आणखी भडकेल. 'आय अंडरस्टँड, लेट मी चेक' पुरतं.

तक्त्यात शेजारचे शब्दही घ्या. 'पॅनिक' फक्त घाबरगुंडीला. भूतकाळ लिहिताना 'ईडी'च्या आधी 'के' येतो. काउंटरवर एकदम चार चेक-इन आले आणि पोरगा गांगरला, तर 'गॉट फ्लस्टर्ड'. 'लूझ युअर टेम्पर' रागापुरतं. 'लूझ'मध्ये 'ओ' एकच. दोन घातले की अर्थ सैल, आणि उच्चारही 'लूस'.

मांडवीकाठ: देव बरें करूं! नुसतं 'फ्रीक' चालतं का?

वाळपईची बाई: 'डोन्ट फ्रीक' बोलण्यात ऐकू येतं. पण माणसाला 'फ्रीक' म्हणणं अपमान, आणि 'फ्रीकिंग' विशेषणासारखं लावलं की ती सौम्य केलेली शिवी. रिसेप्शनवर दोन्ही नकोत.