ओठ सोलपटलेत, अंगावर फोड मोजकेच: औषधाची रिअ‍ॅक्शन की मायकोप्लाझ्मा?

बालरोग निवासी: १२ वर्षांचा मुलगा. आठवडाभर ताप, कोरडा खोकला. अमॉक्सिसिलिनचा आज तिसरा दिवस. कालपासून ओठांवर रक्ताळलेल्या खपल्या, लाळ गळतेय, पाणीही गिळवत नाही, डोळे लाल. हातांवर फोड मोजून सहा. स्टीव्हन्स-जॉन्सन (कातडी आणि तोंड-डोळे सोलून काढणारी, बहुधा औषधाची गंभीर रिअ‍ॅक्शन) समजायचं का?

त्वचारोग: एवढ्यात तो शिक्का नको. औषधाचा स्टीव्हन्स-जॉन्सन बहुधा नवं औषध सुरू झाल्यावर ४ ते २८ दिवसांत येतो. फिट्सची औषधं (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन) किंवा सल्फा यांतलं काही गेल्या दोन महिन्यांत दिलंय का, हे खोदून विचारा. ‘सर्दीची गोळी’ म्हणाले तर पाकीट मागवा.

आधी खोकला, मग तोंड, डोळे, लघवीची जागा सोललेली आणि कातडीवर तुरळक पुरळ, हे चित्र मायकोप्लाझ्मा न्यूमोनी या न्यूमोनियाच्या जंतूचं. २०१५ मध्ये त्याला ‘एमआयआरएम’ (मायकोप्लाझ्मामुळे येणारं पुरळ आणि तोंड-डोळे सोलणं) हे वेगळं नाव सुचवलं गेलं. क्लॅमिडिया न्यूमोनी आणि विषाणूंमुळेही असंच होतं, म्हणून आता ‘राइम’ (कुठल्याही संसर्गाच्या प्रतिक्रियेतून होणारा तसाच त्रास) म्हणतात.

घशाच्या स्वॅबचा पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) आजच पाठवा. आयजीएम (रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी) पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकतं, त्यावर विसंबू नका. अमॉक्सिसिलिन तसंही बंद करा: या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, ते काम करणार कुठे? अ‍ॅझिथ्रोमायसिन पहिल्या दिवशी किलोमागे १० मिग्रॅ, पुढचे ४ दिवस किलोमागे ५ मिग्रॅ. तोंड मात्र त्यानं लगेच सुकेल असं आईवडिलांना सांगू नका. ती इजा मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या उसळीमुळे होते.

नेत्रतज्ज्ञ: डोळे आजच दाखवा, ‘उद्या बघू’ नको. फ्लुरोसिन (इजा दाखवणारा रंग) टाकून, पापणी उलटी करून बघायला हवं. आतल्या बाजूला पांढरट पापुद्रा धरला की पापणी डोळ्याला चिकटू लागते आणि ते व्यंग कायमचं राहू शकतं. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ल्युब्रिकंट थेंब तासातासाला, तपासणी रोज. डोळ्याचं आवरण बरंच सोललं असेल तर अ‍ॅम्निऑटिक मेम्ब्रेन (गर्भाच्या पिशवीचा पातळ पडदा) पहिल्या काही दिवसांतच लावावं लागतं.

पीआयसीयू (मुलांचा अतिदक्षता विभाग) सिस्टर: ओठांच्या खपल्या ओरबाडू नका. सलाइनची ओली गॉझ ठेवून मऊ होऊ द्या, मग पेट्रोलियम जेली. लघवीला आग होते का ते आडोशाला नेऊन विचारा, या वयाची मुलं लाजून बोलत नाहीत.

बालरोग निवासी: पीसीआर पाठवला, डोळ्यांचा कॉल दिला. कार्डावर ‘अमॉक्सिसिलिन अ‍ॅलर्जी’ लिहू का, सर?

त्वचारोग: रिपोर्ट येईपर्यंत ‘संशयित, तपासणी बाकी’ एवढंच. पीसीआर पॉझिटिव्ह आला आणि दुसरं संशयास्पद औषध सापडलं नाही, तर अ‍ॅलर्जी खोडा. ‘पुढच्या खोकल्यात तोंड आलं तर लगेच या’ हे मात्र ठळक लिहा, काही मुलांना पुन्हा होतं.