परत आलेल्या मालिकांमधले 'सगळं घर हॉलमध्ये' वाले सीन: तुमचं मत काय?

आर्वीची_सूनबाई

'क्योंकि सास भी कभी बहू थी' 29 जुलै 2025 ला परत सुरू झाली तेव्हापासून आमच्या गावात दुपारचा विषय हाच आहे. मालिका लागते रात्री साडेदहाला, त्या वेळेला इकडे कोणी जागं नसते, म्हणून बाया दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली की मोबाईलवर पाहतात, म्हणजे आमच्यासाठी तर ही दुपारचीच मालिका. मी पहिल्या दिवसापासून पाहून राहिली आणि एक गोष्ट लय खटकून राहिली, तीच मांडते, पटली नाही तर सांगा.

मालिकेतल्या घरात काही झालं की सगळे हॉलमध्ये. मालिकेची मुख्य बाई तुलसी एक वाक्य बोलते, मग ते ढाण् ढाण् म्युझिक, कॅमेरा गायत्रीवर, मग दक्षावर, मग हेमंतवर, मग पोरांवर, फिरून परत गायत्रीवर. इतकी माणसं उभी आहेत आणि बोलणारे दोघंच. बाकीचे फक्त डोळे मोठे करतात. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे भाऊबंद गोळा होतात तेव्हा असे एका ओळीत उभे राहतात का कोणी? मोठी जाऊ आंबिल ढवळता ढवळता टोमणा मारते, दीर पंगतीत वाढता वाढता बायकोची बाजू घेतो, आत्या ऐकलं न ऐकलं करते अन् नेमकं तेच नंतर ओसरीवर काढते. भांडण एकाचं असते पण बाजू सगळ्यांना घ्यावी लागते, आणि मालिकेत मला तेच पाहिजे.

कारण त्याच्याशिवाय कॅरेक्टरचा निर्णय जड वाटत नाही. जुन्या मालिकेत तुलसीनं स्वतःच्या पोराला, अंशला, गोळी घातली. तो प्रसंग आजही बायांना आठवते कारण त्यात घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही गेलं, कोणाचा भाऊ, कोणाचा नातू. आता नव्यात परीनं सासरच्यांवर खोटे आरोप केले आणि तुलसी पोटच्या पोरीच्या विरोधात उभी राहिली. निर्णय तेवढाच मोठा आहे हो, पण तिचा नवरा मिहीर रागावला यापलीकडं घरात दोन तट पडल्यासारखं मला तरी वाटलं नाही.

कपाशीवाला_दारव्हा

ताई, तुमचं म्हननं अर्धंही पटलं नाई मले. जुनी मालिका 2008 मधी बंद झाली, 1833 एपिसोड झाले होते, अन् मधात सतरा वर्षं गेले. माह्या मायले आता कोन कोनाचा पोरगा, कोन कोनाची सून हे ध्यानात राह्यत नाई. कॅमेरा सगळ्यायच्या तोंडावरून फिरते तेव्हाच थे म्हन्ते, हा हेमंत होय, हे शोभा होय, पहाय कशी जाडी झाली. मंग मी तिले सांगतो कोनाचं लगन कोनाशी झालं होतं. आमच्या घरात थ्या चेहऱ्यायवरूनच अर्धा तास गप्पा होते. परत आलेली मालिका म्हंजे जुने माणसं भेटाले आल्यासारखं आहे, भेटाले आलेल्या माणसानं दरवेळी भांडनच केलं पायजे असं कुठं हाय?

अन् एपिसोड जाहिराती सोडून वीस-बावीस मिनिटाचा. त्यात सगळ्यायले एकेक डायलॉग देऊन बसले तं गोष्ट पुढं सरकन का?

ओटीत_मोबाईल

भाऊ, तुमची आई खाटेवर बसून पाहते म्हणून तिला चेहरे दिसतात. आमचं सांगते. वेचणीला असलो की मोबाईल ओटीत किंवा धुऱ्यावर ठेवून देतो, आवाज मोठा. डोळे बोंडावर, हात कापसात, बोंडाची टोकं टोचतात त्यामुळे नजर हलवता येत नाही. म्हणजे आम्ही मालिका ऐकतो. तो हॉलचा सीन आला की नुसतं ढाण् ढाण् ढाण् चालू राहते, कोणी बोलतच नाही, आणि मग एक बाई विचारते काय झालं गं, दुसरी म्हणते माहीत नाही, कोणी तरी आलं वाटते दारात. घर गप्प बसलं की आमच्यासाठी ती मालिका बंदच पडते. त्यापेक्षा जुनी 'दामिनी' दूरदर्शनवर दुपारी लागायची तेव्हा माणसं एकमेकांशी बोलत होती, प्रतीक्षा लोणकरचा आवाज आतल्या खोलीतून ऐकला तरी गोष्ट समजायची.

म्हणून मी सूनबाईंच्या बाजूनं.

मूर्तिजापूर_लोकल

मुद्दा हॉलचा नाहीच आहे, मुद्दा मिहीरचा आहे. ज्या माणसासाठी 2001 च्या आसपास लोक रडले होते, मेला म्हणून दाखवला तर प्रेक्षकांनी चॅनलला सळो की पळो करून सोडलं आणि त्याला परत आणावं लागलं, त्या मिहीरला आता म्हातारपणी नॉयना नावाच्या दुसऱ्या बाईच्या मागे लावून दिला. हे कॅरेक्टर मोडणं आहे. मिहीर करणाऱ्या अमर उपाध्यायला परत आणलं याचा मला केवढा आनंद झाला होता, आणि त्याच्या हातून हे असं करवून घेतलं. टीआरपीसाठी चांगल्या माणसाला वाईट करणं सोपं असते, लेखकाला डोकं लावावं लागत नाही.

आर्वीची_सूनबाई

मूर्तिजापूरवाले, यात मी तुमच्याशी भांडणार. मिहीर कधी असा नव्हता हे कोणी सांगितलं तुम्हाला? मंदिरा विसरले का? करण हा मिहीर आणि मंदिराचाच मुलगा आहे, तुलसीनं त्याला पदरात घेतलं. तेव्हा मिहीरची याददाश्त गेली होती हे मान्य, म्हणून आपण सगळ्यांनी त्याला माफ केलं. पण आता पूर्ण शुद्धीवर असलेला मिहीर तसाच घसरते, आणि हीच मला या नव्या मालिकेतली सगळ्यात धीट गोष्ट वाटते. ज्याला एकदा अपघाताच्या नावाखाली सूट मिळाली त्याला या वेळी काहीच कारण नाही. गावोगावी असे मिहीर आहेत, पन्नाशी-साठी ओलांडलेले, घरात देव माणूस म्हणून मान असलेले, आणि त्यांची बायको कोणाजवळ तोंड उघडू शकत नाही.

मला राग आहे तो वेगळ्या ठिकाणी. घरात करण आहे ना? बापाच्या दुसऱ्या नात्यातून जन्मलेला मुलगा. नॉयनाच्या प्रकरणात बोलायचा सगळ्यात जास्त हक्क त्याचा. हितेन तेजवानीसारखा नट हाताशी आहे तर बाप-लेकाचा अख्खा एपिसोड ठेवा, मध्ये एकही म्युझिक नको.

मूर्तिजापूर_लोकल

करणचं पटलं. मिहीरचं नाही पटलं आणि पटणारही नाही. माणूस एकदा चुकला म्हणून आयुष्यभर तेच करन, हे लिहिणं आळसाचं आहे. आणि त्यानंतर तुलसी घर सोडून जाते आणि थेट सहा वर्षांचा लीप, गोष्ट एकदम सहा वर्षं पुढं! म्हणजे ज्या दिवशी घरातली माणसं एकमेकांचे गळे धरणार तोच काळ गायब. ती गेल्यावर पहिल्या दिवाळीला तिथं काय झालं, पूजा कोणी केली, मिहीरला ताट कोणी वाढलं, हे पाहायचं होतं मला.

आर्वीची_सूनबाई

लीपचं शंभर टक्के! हेच तर मी सकाळपासून म्हणून राहिली.

मास्तर_चिखली

थोडं बाहेरचं सांगतो, विषयाला धरूनच आहे. अमेरिकेत दुपारच्या मालिकांची परंपरा आपल्यापेक्षा कितीतरी जुनी. 'वन लाइफ टू लिव्ह' 1968 पासून आणि 'ऑल माय चिल्ड्रन' 1970 पासून एबीसी चॅनलवर चालत होत्या. चॅनलनं एक सप्टेंबर 2011 ला आणि दुसरी जानेवारी 2012 ला बंद केली. मग दुसऱ्या कंपनीनं हक्क घेऊन एप्रिल 2013 मध्ये दोन्ही इंटरनेटवर परत आणल्या. पण तासाचा एपिसोड अर्ध्या तासाचा झाला, आठवड्याला आधी चार मग दोनच एपिसोड येऊ लागले, आणि वर्ष संपायच्या आत दुकान बंद. हक्कांवरून कोर्टबाजीही झाली, सगळा दोष लिखाणाचा नाही. पण अर्ध्या तासात अख्खं गाव दाखवायचं म्हटलं की जुन्यांना दोन वाक्यं, नव्यांना दोन वाक्यं आणि कोणाचंच पोट भरत नाही, ही अडचण तिथंही होती. त्यामुळे कपाशीवाल्या भाऊंचा वेळेचा मुद्दा मी इतक्या सहज उडवून लावणार नाही. माझं म्हणणं, रोज सगळं घर दाखवूच नका. चार दिवस दोन-दोन माणसं स्वयंपाकघरात, गच्चीवर, गाडीत बोलू द्या, आणि पाचव्या दिवशी हॉलमध्ये आणा. तेव्हा कोण काय लपवून उभं आहे हे आपल्याला माहीत असते, मग न बोलणाराही बोलतो.

आशाताई_घाटंजी

मास्तर बरोबर बोलले. मी आशा वर्कर आहे, मला एक वेगळी बाजू सांगायची. ऑक्टोबर 2025 मध्ये बिल गेट्स तुलसीशी व्हिडिओ कॉलवर बोलले तो एपिसोड आला तेव्हा पुष्कळांनी नाक मुरडलं, मालिकेत याचं काय काम म्हणून. मला काम दिसलं. आई-बाळाच्या आरोग्याचं बोलणं होतं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या एका गरोदर बाईची सासू, जी माझ्यासमोर कधी बसत नव्हती, ती आपणहून म्हणाली की तुलसीही हेच सांगून राहिली. ती सासू माझं ऐकत नाही, नर्सबाईचं ऐकत नाही, पण तुलसीचं ऐकते. म्हणून तुलसीला चांगलीच राहू द्या, तिच्या प्रत्येक निर्णयावर घरानं शंका घेतलीच पाहिजे असं मला वाटत नाही.

ओटीत_मोबाईल

ताई, तुमचं काम मोठं आहे, पण सासूला पटवायचं असन तर मालिकेतल्याही एखाद्या सासूनं आधी नाही म्हणावं, वाद घालावा, मग पटवून घ्यावं. सगळे मान डोलवतात तेव्हा आमच्यातली हेकट बाई म्हणते, ते टीव्हीतले लोक आहेत, त्यांचं काय जाते.

कपाशीवाला_दारव्हा

आता एक गोष्ट मी मानतो, मायशी बोलल्यावर सुचली. थे म्हने, या घरात बा, म्हंजे तुलसीची आजेसासू, नाई म्हनून असं होऊन राह्यलं. बा करनाऱ्या सुधा शिवपुरी 2015 मधी गेल्या, आता बाचा फोटोच हाय. जुन्यात हॉलमधी कितीही माणसं असो, बा काठी टेकत बोलली की तुलसीलेही ऐका लागे. आता तुलसीच सगळ्यात मोठी झाली, तिले 'बस कर बापा' म्हननारं कोनी राह्यलंच नाई. म्हनून बाकीचे गप. तं भांडनं वाढवू नका, तिले बोलनारं एक मोठं माणूस द्या. दक्षाचाचीले तरी द्या हा मान, किती दिवस तिच्या तोंडी फक्त हसवाचंच ठेवसान? केतकी दवे बाई दमदार हाय, तिनं एक डाव आवाज चढवला तं हॉल हादरन.

आर्वीची_सूनबाई

दक्षा नको, गायत्री पाहिजे. दक्षाचं तुलसीवर प्रेम आहे, ती बोलली तरी शेवटी पदर धरून रडन. गायत्री पहिल्यापासून तुलसीवर जळते, आणि जळणारा माणूस जेव्हा खरं बोलते तेव्हा तुलसीला उत्तर देणं अवघड जाईन. गायत्री करणाऱ्या कमलिका गुहा ठाकुरतांना नुसता टोमणा मारायला उभं करू नका, एक दिवस त्यांना बरोबर ठरवा आणि तुलसीला चूक ठरवा.

कपाशीवाला_दारव्हा

गायत्री बरोबर अन् तुलसी चूक? माह्या मायले दाखवू नका हे, टीव्ही बंद करन थे. पन लिहा बाप्पा तुम्ही चॅनलले, मी बी दक्षासाठी लिहून राह्यलो.