फाउंटन पेनच्या शाईने काढलेलं चित्र भिंतीवर टिकेल का? मदत हवी आहे

पडवी

नमस्कार मंडळी,

गेल्या पावसाळ्यापासून मी फाउंटन पेनच्या शाईने चित्रं काढतेय. जलरंग आधीपासून वापरते, पण ही शाई जे करते ते मला जलरंगांत कधी मिळालं नव्हतं. विशेषतः काळी शाई. पार्करच्या क्विंक या काळ्या शाईचा थेंब ओल्या कागदावर सोडला की मधला डाग काळा राहतो आणि कडेने रंग सुटायला लागतात. कुठे निळी झाक, कुठे पिवळट तपकिरी, आणि दोन्हींच्या मधे एक राखाडी पट्टा, जो मुद्दाम कालवून कधीच जमला नसता. आमचं गुहागरजवळचं जुनं घर जांभ्याचं आहे. पावसात भिजलेल्या चिऱ्याचा रंग हा असाच असतो, काळा म्हणावा तर तपकिरी आणि तपकिरी म्हणावा तर ओला निळसर. एका बाटलीतून अख्खी भिंत उभी राहते. त्यामुळे आता दुसरं काही हातात घ्यावंसंच वाटत नाही.

आता मुद्द्याचं. धाकट्या बहिणीने पुण्यात घर घेतलंय. तिला या घराचं मोठं चित्र द्यायचंय, पडवी, खळं, तुळशीवृंदावन, मागचा माड, सगळं घेऊन. ते हॉलमध्ये लागणार आणि त्या भिंतीवर दुपारनंतर खिडकीतून ऊन येतं. पेनची शाई उन्हात उडते असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. किती उडते, कुठली उडते, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. दोन-चार वर्षांनी तिच्या भिंतीवर नुसता पिवळट कागद उरला तर मला फार वाईट वाटेल. ते घर आता आमच्याकडे फार काळ राहणारही नाही.

दुसरं म्हणजे रेघा. घराच्या कौलांच्या आणि वाशांच्या रेघा पेनने आधी काढून त्यावर पाण्याचा हात फिरवायचाय. साध्या शाईच्या रेघा पाणी लागताच विरघळतात. काही ठिकाणी तेच हवं असतं, पण कौलांवर नको. पेनमध्ये भरता येईल अशी न पुसणारी शाई कोणती? चित्रकलेच्या दुकानातली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक पेनमध्ये भरली तर चालते का? पेन वडिलांचं आहे, त्यामुळे त्यावर प्रयोग करायचे नाहीत.

कागदाबद्दलही सांगा. सध्या ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद वापरते. आणि एका व्हिडिओत वाळलेल्या शाईवर ब्लीचने सोनेरी रेघा काढताना पाहिलं, ते घरी करणं सुरक्षित आहे का?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

रेघोट्या

ड्रॉइंग इंक पेनमध्ये अजिबात भरू नका. त्यातल्या बऱ्याच शायांत लाख असते. ती निबेत आणि निबेखालच्या जिभेत एकदा वाळली की पाण्याने सुटत नाही. ती शाई टाकाची, म्हणजे दौतीत बुडवून लिहायच्या पेनची. टाक बुडवा, काढा, पुसा. वडिलांच्या पेनला त्यापासून लांबच ठेवा.

टीपकागद

पडवीताई, तुमचे दोन्ही प्रश्न मुळात एकाच गोष्टीचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी शाळेत विज्ञान शिकवते.

पेनची बहुतेक शाई म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. काळी शाई एका रंगाची क्वचितच असते, दोन-तीन रंग मिसळून ती काळी दिसते. कागदावर पाणी सरकतं तेव्हा जो रंग कागदाच्या तंतूंना घट्ट धरतो तो मागे राहतो आणि ज्याला पाणी जास्त प्रिय तो पुढे पळतो. आम्ही वर्गात गाळणकागदावर शाईचा ठिपका देऊन क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिसळलेले रंग वेगळे होणं, दाखवतो, तुमची जांभ्याची भिंत म्हणजे नेमकं तेच. विरघळलेला रंग असल्यामुळेच ही जादू होते. आणि तो विरघळलेला असल्यामुळेच उडतो. जलरंगाच्या चांगल्या ट्यूबमध्ये रंगद्रव्याचे घन कण असतात. प्रकाशाने वरचा थर झिजला तरी आतलं शाबूत राहतं. शाईत रंगाचा प्रत्येक रेणू तंतूवर जवळजवळ एकटा, उघडा बसलेला असतो. प्रकाश पडला की तो तुटतो, आणि तुटला की त्याचा रंग गेला. खिडकीच्या काचेने अतिनील किरण काही प्रमाणात अडतात हे खरं, पण दिसणारा प्रकाशसुद्धा हे काम करतो. त्यामुळे काच आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

यात शाई बनवणाऱ्यांचा दोष नाही. ती वहीसाठी बनते आणि वही मिटलेली असते. कॅमलिनची सुरुवात १९३१ मध्ये शाईच्या पुड्या आणि गोळ्यांनी झाली, तेव्हा डोळ्यांसमोर होतं ते लिहिणं. हातावरून, गणवेशावरून धुऊन निघावी, पेन तुंबू नये, हे त्या शाईचे गुण. भिंतीवर मात्र तेच आड येतात.

कुठली जास्त उडते याचा ढोबळ अंदाज देते. धुऊन निघणारी रॉयल ब्लू, गुलाबी आणि जांभळ्या छटा सगळ्यात आधी जातात. लाल-गुलाबीत इओसिन नावाचा रंग असेल तर फारच लवकर. व्हॅन गॉगच्या बेडरूमच्या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात, त्या मूळच्या जांभळट होत्या, त्यातला लाल उडून गेला. तिथे तर तैलरंग होता, मग पातळ शाईचं काय होईल याचा विचार करा.

टिकणाऱ्या शाया मुख्यतः दोन प्रकारच्या. एक काजळीची, म्हणजे कार्बनची. आपल्या जुन्या पोथ्या काजळीच्या शाईने लिहिलेल्या आहेत आणि अक्षर अजून काळंभोर आहे, कारण कार्बनला ऊन काही करू शकत नाही. दुसरी लोहाची. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, तिचंच हे भावंड. लिहिताना फिकी दिसते, हवा लागली की काळपट होते आणि मग पाण्याने जात नाही. आजच्या लोहाच्या शायांत सुरुवातीला दिसावं म्हणून निळा रंग घातलेला असतो. तो उन्हात उडतो, पण खालची राखाडी-काळी रेघ राहते.

कोऱ्या_पानावर

वर छान सांगितलंय. मी फक्त नावं आणि सवयी सांगतो, रोज हेच वापरतो म्हणून.

कौलांच्या रेघांसाठी प्लॅटिनम कार्बन ब्लॅक. ती फाउंटन पेनसाठीच बनवलेली आहे, कण अगदी बारीक असतात. वाळू द्या, मग वर कितीही पाणी फिरवा, हलत नाही. जर्मनीची डी अट्रामेंटिस डॉक्युमेंट मालिका आहे, त्यात काळ्याशिवाय इतर रंगही मिळतात. लोहाची हवी असेल तर प्लॅटिनमचीच ब्लू ब्लॅक किंवा डायमाइनची रजिस्ट्रार्स. पण काका-बाबांची पेनं यापैकी कशानेच भरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. एक स्वस्तातलं, सहज उघडून धुता येणारं पेन या कामाला वेगळं ठेवा. पेन उघडं टाकू नका, आठवडाभर वापर नसेल तर शाई काढून साध्या पाण्याने धुऊन ठेवा. लोहाची शाई आम्ल असते, साध्या पोलादी निबेला खाते, तिथेही हाच नियम.

मोठ्या चित्राला तर मी टाकच वापरीन. दौतीत काहीही असलं तरी तुंबायची भीती नाही, आणि रेघ दाबाप्रमाणे जाड-बारीक होते. बोरूही, म्हणजे वेताची तासलेली लेखणी, करून बघा. कौलांच्या ओळींना बोरूची सुकत जाणारी, मधेच तुटणारी रेघ फार शोभते.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या शाया थेट बाटलीत मिसळू नका. कधी गाळ धरते, लोहाच्या शाईचं तर हमखास काहीतरी होतं. छोट्या काचेच्या भांड्यात थोडी मिसळा, दिवसभर ठेवा, तळाशी काही बसलं नाही तरच वापरा.

कागदाचं तुमचं चाललंय ते बरोबर. शाई फुटते की नाही हे वजनापेक्षा खळीवर, म्हणजे पाणी लगेच मुरू नये म्हणून कागदाला दिलेल्या चिकट पदार्थावर, अवलंबून असतं. कमी खळीच्या कागदावर रेघेला मिशा फुटतात आणि रंग क्षणात आत मुरतो, सरकायला वेळच मिळत नाही. चांगली खळ असलेला कॉटनचा कागद घ्या. पुण्यात हातकागद संस्थेत हाताने बनवलेले कागद मिळतात, एकदा जाऊन हाताळून या, पण विकत घेण्याआधी कोपऱ्यावर थेंब टाकून बघा, प्रत्येक कागदाची खळ वेगळी. आणि काही शायांना लालसर किंवा सोनेरी चकाकी असते ती जलरंगाच्या कागदावर दिसणार नाही. ती गुळगुळीत कागदावर रंग पृष्ठभागावर वाळला तरच येते. ती शोधत शाया विकत घेऊ नका.

टीपकागद

ब्लीचचं राहिलं होतं. घरातलं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते रंगाचे रेणू तोडतं. क्विंकच्या पूर्ण वाळलेल्या काळ्या भागावर पातळ ब्लीचची रेघ ओढली की क्षणभर काहीच होत नाही, मग रेघ मधून उजळत जाते आणि पिवळसर सोनेरी रंगावर थांबते, कडेला काळ्याची बारीक किनार राहते. पावसाच्या धारांना, कौलावरून पडणाऱ्या पागोळ्यांना हे सुंदर दिसेल. कार्बनच्या रेघांवर ब्लीचचा परिणाम होत नाही, त्यामुळे कौलांच्या रेघा आधी काढल्या असतील तर त्या तशाच राहतील. लोहाच्या शाईवर मात्र गंजासारखा डाग पडतो.

सुरक्षित आहे, पण या गोष्टी पाळून. खिडक्या उघड्या, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. ब्लीच थेट बाटलीतून नाही, पाणी घालून पातळ करून, वेगळ्या भांड्यात. कुंचला नायलॉनचा आणि तोही स्वस्त, केसांचा कुंचला ब्लीचमध्ये विरघळून खराब होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, संडास साफ करायचं ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं काहीही जवळपास नको. ॲसिडशी मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो. त्याच कारणाने लोहाच्या आम्ल शाईचं पाणी ब्लीचच्या भांड्यात ओतू नका. ब्लीच कागदाचे तंतूही कमजोर करतं, म्हणून बारीक रेघांपुरतंच वापरा, मोठे भाग उजळायला नको.

पडवी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

तुम्हा सगळ्यांचं वाचून एक पट्टी केली. घरातल्या सगळ्या शायांचे पट्टे ओढले, अर्ध्या भागावर जाड काळा पुठ्ठा लावला आणि पश्चिमेच्या खिडकीत चिकटवून टाकली. आज पुठ्ठा काढला. रॉयल ब्लूचा उघडा भाग इतका फिका पडलाय की पेन्सिलने नाव लिहिलं नसतं तर ओळखू आला नसता. गुलाबी गेली. क्विंक काळी अजून आहे, पण मला आवडणारी ती निळी झाक उघड्या बाजूला पुष्कळ कमी झालीय, तपकिरीच जास्त दिसते. लोहाच्या ब्लू ब्लॅकचा निळा गेला, राखाडी राहिली. कार्बनच्या दोन्ही बाजूंत फरक शोधूनही सापडत नाही.

म्हणजे ज्याच्यासाठी मी हे सगळं करते तेच आधी जाणार. कार्बनने रेघा काढीन हे पक्कं, पण भिंतीचा तो रंग जलरंगाने करावा का? मन तयार होत नाहीये. वार्निशचा फवारा मारला तर काही फायदा?

रेघोट्या

फवाऱ्याने पुसण्यापासून वाचेल, उडण्यापासून फार थोडं. पाण्यावर आधारलेलं वार्निश कुंचल्याने तर लावूच नका, सगळी शाई परत हलेल.

कोऱ्या_पानावर

जलरंगाने नका करू. ज्या शाईसाठी चित्र सुचलं तीच राहू द्या.

असं करा. चित्र मनासारखं क्विंकनेच काढा. शाई वाळली की लगेच, त्याच आठवड्यात, चांगल्या ठिकाणी स्कॅन करून घ्या. ६०० डीपीआय मागा, आणि मूळ चित्र समोर धरून पडद्यावरचे रंग तपासा, निळी झाक स्कॅनमध्ये बरेचदा बदलते. मग पिगमेंट शाईच्या, म्हणजे रंगद्रव्याचे घन कण असलेल्या शाईच्या, प्रिंटरवर कॉटन कागदावर छापून घ्या. फोटोच्या दुकानात विचारताना पिगमेंट शाई आहे ना हे स्पष्ट विचारा, साध्या इंकजेटमध्ये बरेचदा पुन्हा विरघळलेला रंगच असतो. भिंतीवर तो छाप लावायचा. मूळ चित्र बहिणीला आम्ल नसलेल्या कागदाच्या फोल्डरमध्ये द्या, कपाटात आडवं ठेवायला. अंधारात या शाया खूप टिकतात, वहीत टिकतातच की. कोकणातल्या घरी ठेवणार असाल तर दमट हवेत बुरशी धरते, पुण्यात तो त्रास कमी.

मूळ चित्रच लावायचं असेल तर ऊन न येणारी भिंत बघा, बोळातली किंवा खिडकीच्या बाजूचीच भिंत, जिच्यावर थेट ऊन पडत नाही. फ्रेमवाल्याला अतिनील किरण अडवणारी काच सांगा. आणि माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, जाड घ्या, चित्र काचेला टेकता कामा नये. पावसाळ्यात काचेच्या आत दव धरलं आणि कागद टेकलेला असला तर शाई काचेला चिकटून उठते.

पडवी

दोन्ही द्यायचं ठरवलं. छाप हॉलमध्ये, मूळ तिच्या कपाटात. तिला आजच फोनवर विचारलं तर म्हणाली, मूळ चित्र मी दर गणपतीत काढून बघीन.

कागद आणायला शनिवारी पुण्याला जातेय. खळ तपासायला शाईची छोटी बाटली आणि टाक पिशवीत टाकलाय. हातकागद संस्थेत थेंब टाकून बघू देतात का, कुणाला माहीत असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा.

टीपकागद

विचारून बघा, बहुतेक तुकडा देतील. नाहीच दिला तर प्रत्येक जातीचा एकेक ताव घ्या आणि घरी कापून तपासा. तपासताना मागची बाजूही बघा, हातकागदाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात.