मदत हवी आहे: जुन्या पीसीला १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घालू की ८ जीबीचं ४०६०?

घरचा पीसी २०२० च्या शेवटी जुळवून घेतलेला: आय५-१०४००, एच४१० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). आजवर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर भागलं. आता मुलीने ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकायला घेतलंय. त्यातल्या सायकल्स इंजिनात साधी खोली रेंडरला (अंतिम चित्र बनवायला) लावून ती जेवून येते, तरी चित्र अर्धवटच. धाकट्याला गेम हवेत, पण मॉनिटर १०८०पीचा आहे, त्याचं कशावरही निभेल.

बजेट २५ हजार, फार ताणलं तर २८. नुसते गेमच असते तर एएमडीचं आरएक्स ६६०० घेऊन मोकळा झालो असतो, १३२ वॉटचंच आहे. पण ब्लेंडरमध्ये या दोन्ही एनव्हिडिया कार्डांचं ऑप्टिक्स (रेंडर वेगात करणारं तंत्र) बरंच पुढे, म्हणून एएमडी बाद.

४०६० हे २०२३ चं, ११५ वॉटचं आणि वेगात सरस, पण मेमरी ८ जीबी. ३०६० हे २०२१ चं, १७० वॉट खाणारं, पण १२ जीबीवालं. दुकानदाराचं पालुपद एकच, "साहेब, नवीन ते नवीन." माझा जीव त्या जास्तीच्या ४ जीबीत अडकलाय.

शिवाय एसएमपीएसला कार्डाला वीज देणारी आठ पिनांची वायरच नाही. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वायरीवरून) कन्व्हर्टर लावून देतो, असं दुकानदार म्हणतोय. लावू का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
कन्व्हर्टर अजिबात नको! आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉटपर्यंत वीज जाते. रेंडर चालू असताना त्या बारीक वायरी तापतात. दोन्ही कार्डांना कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते. चांगल्या बनावटीचा ४५० सुद्धा ओढेल, पण कॅबिनेटसोबत येतात त्यांचे वॉट बऱ्याचदा स्टिकरपुरतेच. आधी ८० प्लस ब्रॉन्झवाला (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला) ५५० घ्या, उरलेल्या पैशांत कार्ड.

प्रतिसाद:
तुमच्या बोर्डावर कार्ड बसतं तो स्लॉट पीसीआयई ३.० आहे. ४०६० त्यातल्या आठच लेन (माहिती ये-जा करायच्या वाटा) वापरतं, ३०६० सोळा. एरवी फरक किरकोळ. पण सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही की माल सिस्टिमच्या रॅममध्ये जातो, आणि मग ती अरुंद वाट नडते. कधी तर रेंडर मेमरीअभावी थांबतोच. माझं मत ३०६० ला. मात्र ३०६० ८ जीबीमध्येही येतं, तेही कमी बँडविड्थचं, म्हणजे मेमरीचा वेग कमी असलेलं. बिलावर १२ जीबी लिहून घ्या.

प्रतिसाद:
मी ४०६० म्हणेन. शिकाऊ सीनना ८ जीबी पुरतात, रोजचा वेळ वाचतो. टेक्स्चर (वस्तूंवर चढवायचं चित्र) ४केचं २के केलं की मेमरी पावपटच लागते, आणि ही सवय तिला लवकर लागलेली बरी.

धागाकर्ता:
धन्यवाद मंडळी. मुलीला विचारलं, ती इंटिरियरचंच काम करणार म्हणते. सोफे, पडदे, झाडं, सगळं एकाच सीनमध्ये. म्हणजे १२ जीबी. एसएमपीएस या आठवड्यात, कार्ड पुढच्या पगाराला. ६०० व्हीएचा यूपीएस आहे, तो चालेल का?

प्रतिसाद:
असे यूपीएस साधारण ३६० वॉटचे असतात. रेंडर चालू असताना मॉनिटर धरून ३०० च्या आसपास जाल. वीज गेली तर फाइल सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरता वेळ मिळेल, रेंडर संपण्याची वाट बघू नका.